पाठ कुणी रगडायची?

आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरकडं अंगदुखीलाही हंगाम असतो. रोहिणी-मृगाला कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी, तेव्हा खांदे भरून येतात. आषाढात भाताची लावणी, तेव्हा कंबर. सुगीला कापणी-मळणी, तेव्हा पुन्हा कंबर आणि वर मनगटं. एखाद्या वर्षी बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरून लावलेलं रोप कुजलं की दुबार लावणी, म्हणजे कमरेचा हंगामही दुबार. आमच्या शिवारातल्या बासमतीचं कौतुक लांबलांबची माणसं करतात आणि ते खोटं नाही. पण त्या भातामागं किती बायकांच्या कमरा गेल्या, याची नोंद कुठल्या उताऱ्यावर होत नाही.

लावणीला बायका एका ओळीत उभ्या राहतात. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पाय चिखलात, डाव्या हातात रोपाची जुडी. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सुट्या करायच्या, चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागं सरायचं. गुडघे जवळजवळ ताठच, वाकायचं ते सगळं कमरेतून. तासभर कुणी वर बघत नाही. मग एकजण उठते, दोन्ही तळहात कमरेवर ठेवते, कोपरं मागं घेते, छाती पुढं काढून मागं झुकते आणि मोठ्यानं "आई गं" म्हणते. तिचं बघून दुसरी, मग तिसरी. पाठ फार वेळ पुढं वाकलेली राहिली की मणक्यांमागचे बंध हळूहळू ताणत जातात आणि स्नायूंचा आधार सुटत जातो. अशा वेळी मधेमधे उलट्या बाजूला झुकलं तर तो ताण उतरतो. बेळगावातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी पुढं मला जो व्यायाम कागदावर चित्र काढून दाखवला, तो हुबेहूब हाच होता. आमच्या बायकांना तो कुणी शिकवला नव्हता. अंग स्वतःच सांगत होतं.

माझी आईही त्या ओळीत असायची. आणि त्याच घरातून माझे दोघे भाऊ पहाटे तालमीत जायचे.

बेळगाव भागाला कुस्तीचं वेड आहे, हे सांगायला नको. यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. शहरात आनंदवाडीचा आखाडा आहे. आणि १९५९ साली पहिला हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे मूळचे आपल्या चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. कोल्हापूरकर त्यांना आपलं म्हणतात. म्हणू देत, पण गाव आपलं! आम्हा मुलींना तालमीत पाय ठेवायची सोय नव्हती, त्यामुळं माझं तालमीचं ज्ञान खिडकीच्या गजांतून आणि भावांच्या गप्पांतून आलेलं. हौदा खणून लाल माती भुसभुशीत करायची. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असायचं. मग जोर, बैठका. मग लढत. आणि सगळं आटोपलं की अंग रगडणं. ही रगडणी म्हणजे लाड नव्हेत. तो जोर-बैठकांइतकाच सरावाचा भाग. पालथ्या पडलेल्या पैलवानाच्या मांडीवर पोरगा आपल्या तळहाताची टाच रोवायचा आणि अंगाचा भार टाकत ती पुढं सरकवायचा. पोटरी चिमटीत धरून पिळायचा. पाठीला कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा लावायचा. आधी हलकं, मग दाब, शेवटी पुन्हा हलकं. वस्ताद बाजूला बसून हाडावर दाब पडला की ओरडायचे.

आयुर्वेदातल्या वाग्भटानं अष्टांगहृदय या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात सांगून ठेवलंय की व्यायाम निम्म्या ताकदीनं करावा आणि नंतर सगळं अंग सुखावेल असं रगडून घ्यावं. आमच्या तालमीनं यातला दुसरा भाग मनापासून पाळला. पहिला भाग वस्तादांसमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

तर थोरला दादा मांड्या भरून आल्या म्हणून घरी लंगडत आला की आजी लगबगीनं वाटीत तेल घेऊन चुलीच्या कडेला ठेवायची. बदाम भिजलेले असायचे. आई लावणीहून यायची, चिखलाचे पाय धुवायची आणि थेट चुलीपुढं. तिला कुणी तेल कोमट करून दिल्याचं मला आठवत नाही. भाकऱ्या आटोपल्या, जेवणं झाली की ती सोप्यात घोंगडं टाकून पालथी पडायची आणि मला म्हणायची, "नुसती बसून काय करूलाईस? चढ पाठीवर."

मग मी चढायची. भिंतीतली खुंटी एका हातानं धरायची, म्हणजे सगळा भार आईवर येत नाही. मणक्यावर पाय द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी चालायचं. माकडहाडाच्या वर, कमरेच्या खळग्यापाशी आलं की आई म्हणायची, "हां, तिथंच. टाच दाब जरा." मी टाच दाबली की ती असा श्वास सोडायची की पायाखाली तिची पाठ खाली गेलेली मला जाणवायची. मी जड झाले तेव्हा धाकट्या भावाची पाळी आली, आणि तोही तालमीत जाऊन जड झाला तेव्हा शेजारचं एखादं पोर बोलावून त्याच्या हातावर गूळ ठेवला जायचा. माझ्या पिढीतल्या आमच्याकडच्या किती जणी आईच्या पाठीवर चालल्यात, ते विचारून बघा. आज मी कुणाला हे करा म्हणणार नाही. पन्नाशी-साठीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात, मणका दबून पिचू शकतो. पण तेव्हा राबणाऱ्या बाईला मिळणारं मालिश म्हणजे तिच्याच पोरांचे पाय, हे मात्र खरं.

एक अपवाद होता, बाळंतपण. तेव्हा सव्वा महिना बाईच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागायचा. तेल लावणारी बाई सकाळी यायची, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग बाळंतिणीची कंबर, मांड्या, पाठ. शेक, धुरी. जन्मभर घरातल्या सगळ्यांच्या मागं जेवणारी बाई त्या दिवसांत पहिल्यांदा वाढून घ्यायची आणि अंगही दुसऱ्याकडून रगडून घ्यायची. आणि गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींची अंगं रगडणाऱ्या त्या बाईचं अंग कोण रगडत होतं? मी एकदा आईला विचारलं होतं. आई हसली आणि म्हणाली, "तिला कोण लावतंय!"

माझी मावशी निपाणीला विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, मान खाली. तिचं दुखणं मानेचं आणि बोटांच्या पेरांचं. तिला मी शहाणपणानं सांगायला गेले की मावशी, तासातासानं उठायचं, मान फिरवायची, बोटं ताणायची. तिनं सूप न हलवता उत्तर दिलं, "हजाराला पैसे हाईत बाळ, तासाला न्हाईत." ताण द्यायला पैसे पडत नाहीत असं आपण म्हणतो. मावशीला पडत होते. पुढं तिनं तिचा तिनं मार्ग काढला. विड्यांचा कट्टा बांधून झाला की दोरा तोडताना मान मागं टाकायची आणि दोन्ही हातांची बोटं फाकवून दहा आकडे मोजायची. तेवढं सुपाला परवडत होतं.

आईला एकदा गुडघेदुखीसाठी शहरात दाखवलं, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, व्यायाम करता का?" आई माझ्याकडं बघून गप्प. मला हसू आलं आणि रागही आला. पण नंतर विचार केला, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा वाटला नाही. राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात अंग सगळ्या बाजूंनी वळतं, भार हळूहळू वाढतो आणि मधे विश्रांती असते. राबण्यात एकच बाजू, एकच भार, आणि विश्रांती मुकादमाच्या मर्जीवर. लावणीच्या बाईची पाठ पुढं वाकून वाकून दमलेली असते, मागं ती फक्त बांधावर झुकते तेवढीच. विणकराचे खांदे पुढं, विडीवालीची मान खाली, उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटऱ्या घट्ट. ज्या बाजूला काम ओढतं, त्याच्या उलट बाजूला रोज थोडं जायचं, एवढंच खरं तर ताण देण्याचं शास्त्र आहे.

रगडण्यानं नेमकं काय होतं, हा वेगळा प्रश्न. व्यायामानं स्नायूंत लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं आणि मालिशनं ते बाहेर पडतं, असं दादा अजून सांगतो. तसं काही होत नाही. ते कुणी हात न लावताही तासाभरात रक्तातून निघून जातं, आणि अंग तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि तिथल्या सुजेचं. २०१२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ तरुणांना दमून जाईपर्यंत सायकल मारायला लावलं, प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटं मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचा कण काढून तपासला. लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये फरक नव्हता. पण रगडलेल्या पायात सुजेचे संकेत कमी होते आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढीला लागल्याची खूण होती. अकरा म्हणजे आमच्या तालमीतली एका सकाळची पोरं. त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी वस्तादांना हे सांगायला आवडलं असतं. ते म्हणाले असते, यासाठी मांडीला भोक कशाला पाडायचं?

ताणाचं मात्र उलटं निघालं. व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिला की दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, असा समज आहे. २०११ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेनं तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तर व्यायामानंतरच्या ताणानं कमी होणारं दुखणं शंभरात जेमतेम एक गुण भरलं. म्हणजे ताण देण्याचं कारण दुखणं घालवणं हे नाहीच. सांधा जिथवर जायला हवा तिथवर जाता यावा, हे आहे.

हे मला पुस्तकातून पटलं नसतं. माझ्या उजव्या खांद्यानं पटवलं.

मी मराठी शाळेत शिकवते. चाळिशी उलटल्यावर एका पावसाळ्यात फळ्याच्या वरच्या ओळी लिहिताना हात अडायला लागला. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मग पाठीमागं हात नेऊन ब्लाऊजचा हूक लागेना, तिथं लेकीची मदत लागायला लागली. फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायचं काम उंच पोरांकडं गेलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. शीर चढली, म्हणाली एक. हाडवैद्याकडं चल, झटक्यात बसवतो, म्हणाली दुसरी. शेजारच्या वहिनींनी प्रेमानं तिळाचं तेल कोमट करून खांदा रगडून दिला. बरं वाटलं, त्या रात्री झोपही लागली. पण हात बोटभरही वर गेला नाही.

कारण बिघाड वर नव्हताच. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं, ते जाड होऊन आवळलं गेलं होतं. बोस्टनचे सर्जन कॉडमन यांनी १९३४ साली याला फ्रोझन शोल्डर म्हटलं. चाळीस ते साठच्या वयात होतो, बायकांना जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त. बहुतेक वेळा एक ते तीन वर्षांत आपोआप सुटत जातो, पण तोवर सांधा हलता ठेवायचा. वरच्या स्नायूंना तेलाचा हात सुख देतो, त्या आवरणापर्यंत तो पोचत नाही.

फिजिओच्या मॅडम धारवाडकडच्या. मराठी समजायचं, बोलायच्या कन्नडमिश्रित. टेबलावर डावा हात टेकून कमरेत वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लोलकासारखा सैल सोडून झुलवायचा. पंचाची दोन टोकं पाठीमागं धरून वरच्या हातानं खालचा हात हळूच ओढायचा. आणि भिंत. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि पहिली दोन बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. कोळी चढतो तसं. जिथं अडेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, ३० सेकंद तिथंच. मग खाली. झटका द्यायचा नाही, दुखऱ्या हाताला दुसऱ्या हातानं वर ढकलायचं नाही. "इन्नू स्वल्प मेले, टीचर," त्या म्हणायच्या. अजून जरा वर. मी दात आवळले की लगेच, "साकु, साकु." पुरे. माझ्या तोंडाकडं त्यांचं इतकं बारीक लक्ष असायचं की मी शाळेत पोरांकडं तसं बघते का, असा प्रश्न मला पडला.

घरी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं खूण करायला लागले. आजची खूण कालच्या वर असेलच असं नाही. कधी दोन बोटं खाली. पुसायची नाही असं ठरवलं होतं, त्यामुळं भिंत पांढऱ्या रेघांनी भरत गेली. हात पूर्ण वर जायला वर्ष उलटून गेलं. त्यात एक गोष्ट मला फार आवडली होती, अजून आवडते. या कामाला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. तेल लावायला कुणीतरी लागतं, त्याच्याकडं वेळ लागतो, मर्जी लागते. भिंत रिकामीच असते. आईला तिच्या वयात कुणी ही भिंत दाखवली असती तर, असं मनात येतं. पण लगेच असंही वाटतं की म्हणून बाईनं सगळं भिंतीवरच भागवावं का? तेलाचा हात मिळाल्यावर त्या रात्री मला लागलेली झोप काही खोटी नव्हती. खांदा सुटला नाही, तरी अंगाला कुणीतरी विचारलं होतं.

आता शाळेत कुणाचं काही दुखलं की माझ्याकडं येतात. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते आणि मग जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं बोलते. लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तिला तेल लावू नका, तडक दवाखाना गाठा. आत रक्ताची गाठ असेल तर रगडल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाय मुरगळला तर पहिले दोन-तीन दिवस जोरात चोळू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाबून मालिश नको. आणि केस कापून झाल्यावर मान कडाकड मोडून घ्यायची हौस सोडा. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या धमन्या असल्या झटक्यानं फाटू शकतात. हे दादाला सांगितलं तर तो म्हणतो, त्याशिवाय कटिंग झाल्यासारखं वाटत नाही.

सकाळी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात चालायला जाते तेव्हा बघते, तरुण पोरं गाडीवरून उतरतात आणि थंड अंगानं वाकून, हिसके देत पायांचे अंगठे धरतात. पळण्याआधी हे नको. आधी पाच-दहा मिनिटं भरभर चालावं, पाय झुलवावेत, गुडघे वर घ्यावेत. एका जागी धरून ठेवायचा ताण शेवटी, अंग तापलेलं असताना. एका स्नायूला दहा ते तीस सेकंद, माझ्या वयाच्यांनी थोडं जास्त, आठवड्यातून दोन-तीनदा तरी. मालिशची मशीनगन घेऊन येणारे एक काका तिथं आहेत. ते बाकावर बसून मांडीवर ती तासभर चालवतात आणि चालत मात्र नाहीत. पण त्यांचं सुख आपण का काढून घ्यावं?

आई आता थकली. लावणीला जात नाही, बांधावर बसून वहिनीला सूचना देते. यंदा लावणीच्या दिवसांत मी येळ्ळूरला गेले होते. संध्याकाळी दादाचा पोरगा, नव्यानं तालमीत जायला लागलेला, मोबाइल घेऊन सोप्यात लोळत होता. मी तेल कोमट करून वाटी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, तालमीत सगळ्यांची अंगं रगडतोस, आज्जीचे पाय रगड. तो कुरकुरत उठला. पण हात चांगला शिकलेला होता. आधी हलका, मग दाब. फक्त अंदाज पैलवानांचा.

"हळू रे, म्हस धुऊलाईस काय?" आई ओरडली.

त्यानं हात हलका केला. घोट्यापासून गुडघ्याकडं, पुन्हा घोट्यापासून. आईनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात वहिनी शिवारातून आली, डोक्यावरची खोळ काढून तिनं खुंटीला अडकवली आणि कमरेवर हात ठेवून मागं झुकली. आईनं डोळे न उघडताच नातवाला सांगितलं, "वाटीत तेल हाय अजून. माझं झालं की तुझ्या आईची कंबर घे."

"आता आईची पण?"

"पण म्हंजे काय रे?" आई उठूनच बसली.